बिनगाठीचं सूत

धाकटीने आयुष्यात पहिल्यांदा अगदी सरळ सूत कातलं, आणि कुणी पाहायच्या आत ते गादीखाली सारलं. म्हणजे तसं काही झालंच नव्हतं. तिने विंचरलेल्या लोकरीचा नवा पेळू उलगडला, टकळीची काडी मांडीवर घासून तिला फिरकी दिली आणि आजची सुरुवात आत्ताच होते आहे अशा चेहऱ्याने ती बसली.

टकळी हवेत लोंबकळत गरगरली. धागा उतरला तो पुन्हा तसाच. कुठे जाड नाही, कुठे बारीक नाही, पहिल्या बाकावरच्या हुशार मुलीसारखा.

"मेल्या," ती धाग्याला म्हणाली.

"कुणाशी बोलताय, आई?" स्वयंपाकघरातून सुनेने विचारलं.

"सुताशी. त्यालाच तेवढं उलट बोलता येत नाही."

खिडकीजवळच्या खुर्चीत थोरली जाऊ लोकर विंचरत होती. तारांच्या दातांच्या दोन फळ्या एकमेकींवरून ओढायच्या, लोकर मऊ झाली की तिची सुरळी करून टोपलीत टाकायची. दोघी जावा या खोलीत अडतीस वर्षं दुपारच्या चहानंतर अशाच समोरासमोर बसत आल्या होत्या. थोरली विंचरणार, धाकटी कातणार. थोरलीने स्वतः कधी टकळीला हात लावला नाही. तिची टकळी तोंडात होती.

आणि ती थांबत नसे. धाकटीचं माहेर, माहेरच्यांचे दात, धाकटीचा चहा, धाकटीची चाल, लग्नात धाकटीच्या मामाने घातलेले बूट, जे दोन वेगवेगळ्या जोडांतले होते. एकेक टोमणा आला की धाकटीची चिमूट सैल पडे आणि लोकरीचा जाडजूड पुंजका पिळात अडकून पुढे जाई. उत्तर सुचलं की हात घट्ट होऊन धागा दोऱ्याएवढा बारीक. हसू आवरलं नाही, तर मधेच पीळच न बसलेला फुगीर भाग, कापसाच्या बोळ्यासारखा. त्या सुताला घरात 'धाकटीचं गाठोडं' म्हणत. त्याची पायपुसणी होत, उरलेलं ट्रंकेत पडे.

मग सुनेने त्या सुताच्या एका लडीचा फोटो काढून इंटरनेटवर कुठेतरी टाकला आणि शहरातल्या एका मोठ्या हस्तकला भांडाराने ट्रंकेतल्या सगळ्या जुन्या लडी नेल्या. वर आणखी बारा मागवल्या. महिनाअखेरीस, दर्शनी खिडकीत मांडायला.

"आर्ट यार्न म्हणतात याला, असंच ओबडधोबड हवं असतं त्यांना," सून म्हणाली होती.

"आमच्या वेळी वेंधळेपणा म्हणत."

म्हणाली खरी, पण त्या रात्री धाकटीला झोप लागली नव्हती. अडतीस वर्षांत तिच्या कामाला कुणी काम म्हटलं नव्हतं.

पण बारा लडींचं काम आलं त्याच सुमारास थोरली बदलली. आधी ती चष्मा विसरली, मग दिवस, मग मुलांची नावं. हे सगळं धाकटीने धीराने घेतलं. एका दुपारी मात्र थोरलीने विंचरता विंचरता मान वर केली आणि गोड हसून विचारलं, "अहो, तुम्हाला लोकर पुरतेय ना?"

अडतीस वर्षं 'अगं' म्हणणारी बाई 'अहो' म्हणाली. धाकटीने मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

त्या दिवसापासून सूत सरळ झालं.

धाकटीने मुद्दाम गाठी घालून पाहिल्या. त्या नाटकातल्या शिंकांसारख्या दिसत. भांडाराच्या बाईंनी नमुना परत पाठवला. 'यात जीव नाही,' असं सोबतच्या चिठ्ठीत होतं. सुनेने मदत करायचं ठरवलं. मोबाइलवर काहीबाही लिहून आणलं, समोर उभी राहिली आणि वाचू लागली.

"आई, तुमच्यासारखी... तुमच्यासारखी आळशी बाई मी जन्मात पाहिली नाही."

"बरं, पुढे?"

"पुढे तुमच्या स्वयंपाकाबद्दल आहे." सून थांबली. "पण आई, तुमचा स्वयंपाक मला आवडतो हो."

"जा तू," धाकटी म्हणाली. "टोमण्याला पाया लागतो. तुझी या घरात आत्ताशी सहा वर्षं झालीत."

म्हणून शेवटी, गादीखाली पाच सरळ लडी जमल्यावर, धाकटीने स्वतःच विषय काढायचं ठरवलं. टकळीला फिरकी देत ती मोठ्याने म्हणाली, "आमच्या माहेरच्यांसारखी देखणी माणसं मी कुठे पाहिली नाहीत."

एके काळी या वाक्यावर थोरलीने संध्याकाळ काढली असती.

"असतीलच," थोरली म्हणाली. "तुमच्याकडे बघून कळतं ना."

धागा सरळ उतरत राहिला.

"माझ्या मामाने लग्नात दोन वेगळे बूट घातले होते."

"अरेरे. घाईत असतील बिचारे. लग्नाची गडबड असते."

"घाईत नव्हते! तुम्हीच म्हणायचात, की एक बूट त्यांचा आणि एक दुसऱ्या कुणाच्या लग्नातला!"

"मी?" थोरलीच्या हातातल्या फळ्या थांबल्या. तिला खरंच वाईट वाटलेलं दिसलं. "असं कसं म्हणेन मी? तुम्ही मनाला लावून घेऊ नका हं."

मनाला लावून घ्यायला काही मिळत नव्हतं, हीच तर अडचण होती. तो टोमणा निघाला त्या दुपारची लड धाकटीला आठवत होती. करड्या रंगाची. बूट शब्दाला सुपारीएवढी गाठ, आणि पुढे वीतभर पीळच नाही, कारण दोघीही डोळे पुसत होत्या. हसून हसून. ती लड आता भांडारात होती. कुणीतरी तिला हात लावून वा म्हणत असेल आणि त्या माणसाला मामाचे बूट ठाऊक नसणार.

आता एकच गोष्ट उरली होती. या घरात ती कुणी केली नव्हती. धाकटीने घसा साफ केला.

"अगं ए," ती थोरल्या जावेला म्हणाली.

स्वयंपाकघरातलं भांड्यांचं वाजणं बंद झालं. सून दाराशी येऊन उभी राहिली.

थोरलीने मान वर केली. क्षणभर तिच्या कपाळावर ती जुनी आठी उमटल्यासारखी वाटली. धाकटीची चिमूट आपोआप सैल झाली. पेळूतून लोकर सरकली.

"किती वर्षांनी कुणी अगं म्हणालं," थोरली म्हणाली. आठी नव्हती, हसू होतं. "मोठी झाले ना, तेव्हापासून सगळे अहोच म्हणतात. तुम्ही म्हणत जा हं. बरं वाटलं."

धागा तुटला. टकळी फरशीवर पडून खुर्चीखाली घरंगळली. थोरली वाकली, तिने ती उचलली, पदराने पुसली आणि दोन्ही हातांनी धाकटीला दिली. पाहुण्यांना देतात तशी.

धाकटीने टकळी मांडीवर ठेवली. थोड्या वेळाने सुनेने भांडाराचा एक छापील कागद आणून पुढे ठेवला. माल वेळेत देता येणार नसेल, तर कारण आणि अपेक्षित साहाय्य लिहून कळवायचं होतं.

"काय लिहू, आई? तब्येत बरी नाही म्हणू?"

"माझी तब्येत ठणठणीत आहे. दे इकडे."

धाकटीने चष्मा चढवला. समोर थोरली पुन्हा लोकर विंचरू लागली होती. मधूनच वर बघून ती धाकटीला लिहायला उजेड पुरतोय की नाही, याची चौकशी करत होती. पुरत होता. धाकटीने सुवाच्य अक्षरात लिहिलं:

'विषय: थोरल्या जाऊबाईंचा स्वभाव पूर्ववत करून मिळणेबाबत.

महोदय, वरील विषयास अनुसरून कळवण्यात येते की, सदर बाई अलीकडे माझं कौतुक करतात. त्यामुळे मालाच्या दर्जावर विपरीत परिणाम होत आहे. तरी त्यांचा मूळ स्वभाव, पूर्ण वेळ नाही तरी दुपारी तीन ते पाच या वेळेत, पूर्ववत करून मिळावा. त्या काळात होणाऱ्या अपमानाची सर्वस्वी जबाबदारी माझी राहील. संपूर्ण स्वभाव उपलब्ध नसल्यास निदान एक 'अगं' तातडीने मंजूर व्हावं, ही नम्र विनंती.'