न पाठवलेला अर्ज

माल परदेशी पाठवून देणाऱ्या त्या ऑफिसात त्याच्या पाठीमागे सगळे त्याला 'चोवीस तास' म्हणत. माल जहाजावर चढण्याच्या चोवीस तास आधी त्याची बारीकसारीक माहिती पलीकडच्या देशाच्या कस्टम्सकडे पोचलीच पाहिजे, हा नियम तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवी. चहावाल्याचीसुद्धा त्यातून सुटका नव्हती. बावीस वर्षांत आपल्यामुळे कुणाचा माल धक्क्यावर राहिला नाही, हे शेपूट जोडलेलं असायचंच.

आणि शेवटी एकदा राहिला तो कशामुळे? खेळण्यांच्या कारखान्याच्या मालाचा कस्टम्सचा अर्ज स्वारीने भरला, दोनदा तपासला, सेव्ह केला आणि पाठवायचं बटण दाबायलाच विसरली. नवीन लागलेल्या दोन मुलींना हाच नियम समजावून सांगण्यात गुंग होती ना! दुसऱ्या दिवशी चाळीस लाकडी घोडे धक्क्यावर आणि जहाज समुद्रात.

कारखान्याच्या मालकीणबाईंचा फोन आला तेव्हा त्याच्या तोंडून पटकन निघून गेलं, "तुमच्याकडून वजनांची यादीच उशिरा आली हो, मॅडम. आम्ही तरी काय करणार?" फोन ठेवताना वेळ निभावली असं त्याला वाटलं.

तीन दिवसांनी सकाळी बाई स्वतःच आल्या, सोबत त्यांचे वडील. घोडे तोलून यादी पाठवायचं काम त्यांचंच. म्हाताऱ्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता. खुर्ची पुढे केली तरी तो बसला नाही.

"साहेब, माझ्यामुळे तुमच्या नावाला बट्टा लागला," तो हात जोडून म्हणाला. "मंगळवारी सकाळीच पाठवली असं मला वाटत होतं. पण हल्ली माझ्या डोक्याचा काही भरवसा राहिलेला दिसत नाही. माफ करा."

"ते काम मी बाबांकडून काढून घेतलंय," बाई म्हणाल्या. "उद्या त्यांना डॉक्टरांकडेही नेतेय. तुम्हाला पुन्हा त्रास नाही व्हायचा."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. 'असू द्या, काका, होतं असं,' एवढं म्हटलं असतं तरी प्रकरण मिटलं असतं. ते वाक्य अगदी ओठांवर आलंही होतं, याचीच त्याला जास्त लाज वाटली. बापाच्या वयाचा माणूस अजून हात जोडून उभा होता. दोन्ही मुली काम थांबवून बघत होत्या.

त्याने मेल उघडला आणि स्क्रीन म्हाताऱ्याकडे वळवली.

"काका, तुमची यादी मंगळवारी सकाळी दहा वाजून चार मिनिटांनी आली. वेळेच्या कितीतरी आधी. अर्ज पाठवायला मीच विसरलो. आणि वर मी खोटं बोललो."

आता बाई चारचौघांत आपली सालटी काढणार, म्हणून तो मान खाली घालून उभा राहिला. पण त्यांचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. म्हाताऱ्याने खिशातून चष्मा काढून लावला, स्क्रीनशी वाकून तारीख वाचली, वेळ वाचली, मग बोट ठेवून पुन्हा वाचली.

"म्हणजे मी पाठवली होती," तो लेकीला म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "तीन दिवस झाले, मी गॅस बंद केलाय का ते रात्रीचा उठून उठून बघतोय गं."