समोरून दिसणारी भिंत

आमच्या दुमजली इमारतीचं बांधकाम संपलं, तेव्हा बाहेरच्या भिंतीला काय लावायचं एवढंच ठरायचं उरलं होतं. खाली आमच्या ह्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, वर दोन ऑफिसं. काही राजवाडा नव्हे. पण ह्यांनी त्या भिंतीचा असा काही घोळ घातला की मिस्त्रीने डोक्याला हात लावला.

मिस्त्रीची एक पद्धत होती. वीट, दगड, पत्रा, जे काही निवडायचं असेल त्याचा हातभर तुकडा तो भिंतीवर लावायचा आणि मालकाला रस्ता ओलांडून पलीकडून बघायला सांगायचा. "मालक आत बसतो. भिंत समोरच्याला दिसते," असं त्याचं म्हणणं. म्हणणं खरं होतं. पंचाईत अशी की समोर भाऊजींचं, म्हणजे ह्यांच्या सख्ख्या धाकट्या भावाचं, चष्म्याचं दुकान होतं, आणि दोघे भाऊ चार वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

भांडणाचं कारण सांगायची मला लाज वाटते. आधी दोघे सासऱ्यांच्या एकाच दुकानात बसायचे, एका कोपऱ्यात घड्याळं, दुसऱ्यात चष्मे. दुकानं वेगळी झाली तेव्हा सासऱ्यांचं लंबकाचं घड्याळ कोणी न्यायचं, असा प्रश्न आला. दोघेही म्हणाले, "तू ने." दोघेही हट्टाला पेटले आणि त्यावरून बोलणं बंद झालं. ते घड्याळ आमच्या कपाटावर आडवं पडलंय आणि त्यावरची धूळ मी पुसते. भिंतीचं मला काहीच पडलेलं नव्हतं. हे दोघे एकदाचे बोलू देत, एवढंच मला हवं होतं.

भावाच्या पायरीवर पाय ठेवायचा नाही, म्हणून हे रस्त्याच्या मधोमध उभे राहून भिंत बघायचे. दोन्हीकडून गाड्या हॉर्न वाजवत जायच्या. लाल विटेकडे बघून म्हणाले, "फारच काळपट." काळ्या दगडाकडे बोट करून म्हणाले, "ही मघाचीच ना?" शेवटी चकचकीत पत्र्यापाशी नजर थांबली. "हा बरा आहे. दुधी रंग, शांत. डोळ्यांना त्रास नाही." मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे पाहिलं.

आठवड्याभरात वरचा सगळा मजला पत्र्याने मढला. मग दुपारचं ऊन त्यावर पडलं आणि तिथून थेट भाऊजींच्या दुकानात शिरलं. तीन ते साडेचार तिथे डोळे उघडे ठेवायची सोय राहिली नाही. तपासणीच्या खुर्चीत बसलेल्या एक बाई म्हणाल्या, "आत्ता तर इथे अक्षरं होती." एका गृहस्थांचा नंबर सकाळच्या दुप्पट निघाला. दुसरा कोणी असता तर त्याने त्या नंबरांचे चष्मे विकले असते. भाऊजी पडले सरळमार्गी. त्यांनी रोज तीन वाजता शटर अर्धं ओढायला सुरुवात केली आणि बाहेर पाटी लावली, 'तपासणी साडेचारनंतर'. तक्रारीचं मात्र अवाक्षर काढलं नाही.

मला वाटलं, ह्यांनी हे मुद्दाम केलं. तसं तोंडावर म्हटलंसुद्धा.

"मुद्दाम? मी?" ह्यांचा चेहराच उतरला. "त्रास होतोय तर त्याने येऊन भांडावं."

"तुम्ही बोलत नाही ना एकमेकांशी."

"भांडायला काय बोलावं लागतं?"

चार दिवस हे समोरच्या अर्ध्या शटरकडे बघत बसले. दुरुस्तीला आलेलं एक घड्याळ दोनदा उघडलं आणि दोनदा तसंच मिटलं. पाचव्या दिवशी तीन वाजता उठले, रस्ता ओलांडला आणि शटरखालून वाकून आत गेले. मीही मागोमाग गेले. असा प्रसंग मी सोडणार होते थोडीच.

आत भाऊजी दिवा लावून बसले होते. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. हे म्हणाले, "तक्रार का करत नाहीस?"

भाऊजींनी ह्यांच्या नाकावरचा चष्मा काढला, उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "दादा, हा मीच केलेला आहे. पाच वर्षांपूर्वी."

"मग?"

"बस खुर्चीत. तिसरी ओळ वाच."

"ओळी कुठे आहेत?"

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. भिंग लावलं की ह्यांना घड्याळातली बारीक चाकं दिसायची, म्हणून मला कधी शंकाच आली नव्हती.

"चार वर्षं असाच फिरतोयस? गावात दुसरी चष्म्याची दुकानं नव्हती?" भाऊजींचा आवाज चढला होता.

"होती," हे म्हणाले. "पण माझा चष्मा तू करतोस."

भाऊजींनी तोंड फिरवलं आणि बराच वेळ काचांच्या पेटीत काहीतरी शोधत राहिले. मग तपासणीची जड गोल फ्रेम ह्यांच्या नाकावर ठेवून एकेक काच बदलत गेले. ह्यांनी तिसरी ओळ वाचली, मग पाचवी. साडेचार वाजले तसं भाऊजींनी शटर वर केलं. ती फ्रेम तशीच नाकावर ठेवून हे पायरीवर जाऊन उभे राहिले आणि आपल्या इमारतीकडे बघत राहिले.

"हा पत्रा कुठल्या आंधळ्याने निवडला?"

"तूच निवडलास, दादा."

"काढायला हवा. वीट लावू."

"वीट कशाला? दगड लाव. तुला रंगातलं काही कळत नाही."

"आणि तुला कळतं?"

आवाज वाढत गेले. सासऱ्यांच्या घड्याळापर्यंत गाडी आली. आमच्या दारातून मिस्त्री धावत आला. "ताई, सोडवू का त्यांना?"

"हात लावून बघा नुसता," मी म्हटलं आणि पायरीवर बसून घेतलं.