माझ्या टोकावर अडकलेली बातमी

मी एक जुनी, कागद टोचायची लोखंडी सळई आहे. लाकडी ठोकळ्यावर उभी, टोक वर. मित्रांनो, दुकानात पावत्या टोचून धरणाऱ्या माझ्या बहिणी तुम्ही पाहिल्या असतील. मी मात्र लोहाराकडून थेट एका वर्तमानपत्राच्या कचेरीत, संपादकसाहेबांच्या टेबलावर आले. जी बातमी छापायची नाही, ती माझ्या टोकावर. एवढंच माझं काम.

सुरुवातीला मला भारी अभिमान होता. "ही नसती तर मी कागदांत बुडालो असतो," असं साहेब पाहुण्यांना सांगायचे. पुढे लक्षात आलं, की माझ्या वाट्याला बहुतेक एकाच बाईंचे कागद येतात. त्या विज्ञानाच्या बातम्या आणायच्या. सगळे त्यांना प्रयोगताई म्हणायचे, थोडं कौतुकाने, जास्त टिंगलीने. प्रयोगशाळांचे उंबरे झिजवून त्या सोप्या भाषेत लिहायच्या. साहेब पहिली ओळ वाचून म्हणायचे, "जागा उरली तर बघू." इतकी वर्षं मी इथे उभी आहे. जागा कधी उरली नाही.

एकदा ताईंनी तान्ह्या बाळांची बातमी आणली. बाळाच्या टाचेतून रक्ताचा एक थेंब घ्यायचा. गळ्यातली एक ग्रंथी नीट काम करते का, ते त्यावरून कळतं. दोष असला तर पहिल्या महिन्यातच औषध सुरू करायचं, मग बाळ चारचौघांसारखं वाढतं. उशीर झाला तर वाढ खुंटते. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात ही तपासणी फुकट सुरू झाली होती, पण आईबापांनी मागितली तरच करत होते.

"साहेब, चार ओळी तरी लावा हो."

"अहो ताई, थेंबाची बातमी कोण वाचणार? लोकांना चमचमीत लागतं!" आणि कागद खच्चकन माझ्या टोकावर बसला.

त्या दिवशी एका नटाचा हरवलेला कुत्रा सापडला होता. चार कॉलम, फोटोसकट! कुत्र्यावर माझा राग नाही, तो बिचारा घरी आला. पण कपाळावर मारून घ्यायला मला हात तरी हवा होता.

आमच्याकडे काटकसरीची एक रीत आहे. माझ्यावरचे कागद काढून मुद्रितशोधक काकांना देतात. छापायच्या मजकुरातल्या चुकांची यादी काका त्या कागदांच्या कोऱ्या पाठीवर लिहितात. छापायचं ते अक्षर न अक्षर वाचतात. टाकलेलं कशाला वाचतील?

त्याच आठवड्यात काकांना नात झाली. सगळ्या कचेरीने त्यांचं अभिनंदन केलं.

अकरा महिने झाले तरी नात बसेना, हाकेला वळेना. डॉक्टरांनी विचारलं, "टाचेची तपासणी वेळेवर का नाही केली?" काकांनी हे कचेरीत सांगितलं, तेव्हा ताई त्यांच्या टेबलाशी आल्या. "काका, मी लिहिलं होतं हो."

काकांनी खणातल्या जुन्या याद्या उपसल्या. तो कागद सापडला. 'पहिल्या महिन्यातच' या शब्दांतून मी केलेलं भोक आरपार गेलं होतं. मला माझ्याच टोकाची लाज वाटली.

काकांनी कागद साहेबांपुढे ठेवला. आवाज चढवला नाही. "साहेब, हा माझ्या टेबलावर होता. मी याच्या पाठीवर त्या कुत्र्याच्या बातमीतल्या चुका लिहिल्या."

दुसऱ्या दिवशी बातमी पहिल्या पानावर आली. दुपारी एका बापाचा फोन आला, "मुलगी बारा दिवसांची आहे. कुठे नेऊ?" ताई म्हणाल्या, "आत्ता निघा." काकांच्या नातीचंही औषध सुरू झालं. ती आता आधाराने बसते. पण गेलेले महिने कुठलंच औषध परत आणत नाही.

तुम्हाला वाटेल, साहेब सुधारले. हो, महिनाभर सुधारले! काल ताईंनी नवा कागद आणला, तर पुन्हा तेच, "जागा उरली तर..." पालथ्या घड्यावर पाणी! साहेबांचा हात माझ्याकडे वळला. तेवढ्यात काका उठून आले आणि त्यांनी माझ्या टोकावर आपला तळहात आडवा धरला.

"आधी वाचा," काका म्हणाले. "शेवटपर्यंत. मी थांबतो."

साहेब चष्मा लावून वाचायला बसले. मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कुणी माझ्यासमोरच्या खुर्चीत बसेल. मला कागद जरूर द्या. पण काकांचा तळहात तिथे रोज नसेल, एवढं लक्षात ठेवा.