तोंडभर पोहे

दीनानाथांनी कुंपणावरून हात घालून शेजारच्या अंगणातल्या टेबलावरचे चिमूटभर पोहे उचलले, तोंडात टाकले आणि जाहीर केलं,

“कोरडे आहेत.”

“बाबा, नैवेद्य आहे तो! उष्टा केलात,” विनया दबक्या आवाजात म्हणाली.

“निदान फोडणी तरी द्यायला सांग त्यांना. मोहरी आहे का विचार.”

टेबलावर केळ्यांचा घड मांडणाऱ्या चंथाबाई नुसत्या हसल्या आणि त्यांनी बापलेकींना आत यायची खूण केली. कंबोडियातून इथे परदेशात, जॉन्सनव्हिलला येऊन त्यांना वीस वर्षं झाली होती, पण कार्तिकातल्या पौर्णिमेची चंद्राची पूजा त्यांनी कधी चुकवली नव्हती. त्यांच्याकडचा हा भात कापणीच्या दिवसांतला सण. इथे आसपास भाताचं रोपटंही नव्हतं, म्हणून पोहे इंडियन दुकानातून विनयानेच आणून दिले होते. पोहे आपले, तेव्हा सल्ला द्यायचा हक्कही आपलाच, असं दीनानाथांचं सरळ म्हणणं होतं.

वारा उदबत्ती पेटू देईना. दीनानाथांनी आडोशाला आपली लोकरीची टोपी धरली. उदबत्ती पेटली आणि टोपीला भोक पडलं.

“मिरजेत असा वारा नसतो,” ते म्हणाले आणि लगेच त्यांनी सावरून घेतलं, “अर्थात इथली हवा शुद्ध आहे.”

गेले कित्येक दिवस हे असंच चाललं होतं. त्यांचा व्हिसा डिसेंबरात संपत होता. तो वाढवायचा की परतीचं तिकीट पक्कं करायचं, हे काही केल्या ठरत नव्हतं. विनयाने विचारलं की ते म्हणत, “माझं काय, मी कुठेही राहीन. तुमची सोय बघा.” त्यावर ती म्हणे, “आमचं काय, तुम्ही म्हणाल तसं.” मग दोघंही चहा पीत.

खरं तर विनया थकली होती. बाबा पहाटे उठून हीटर बंद करत आणि डिशवॉशरमधून निघालेली भांडी पुन्हा घासत. जावई रमण ऑफिसातून आल्यावर थोडा वेळ गाडीतच बसून राही. पण आईमागे एकट्या पडलेल्या बापाला जा म्हणायचं, या विचारानेच तिला स्वतःची लाज वाटे. हे सगळं तिने एकट्या चंथाबाईंना सांगितलं होतं, कुंपणाशी उभं राहून, निम्मं इंग्रजीत आणि निम्मं हातवाऱ्यांत.

डोंगराआडून चंद्र वर आला. चंथाबाईंनी हात जोडले, पाठोपाठ या दोघांनीही जोडले. मग बाईंनी मूठभर पोहे आणि केळ्याचा तुकडा उचलून दीनानाथांच्या तोंडात कोंबला. त्यांच्याकडची रीतच तशी होती. थोरांनी लहानांचं तोंड भरायचं, पाठीवर हात ठेवायचा आणि काय हवं ते विचारायचं. बाई ऐंशीच्या. त्यांच्या लेखी बहात्तर म्हणजे लहानच.

“यू वॉन्ट स्टे?” त्यांनी विचारलं.

दीनानाथांनी बोट वर केलं. ‘माझं काय’पासून सुरुवात करायची होती, पण तोंडातला घास हलेना.

“ऑर गो?”

बोट तसंच हवेत राहिलं. मग मान हलली. आइस्क्रीम हवं का विचारल्यावर लहान पोराची हलते तशी जोरजोरात, खाली-वर.

“बाबा, असं काय? तुम्ही इथे...”

विनयाचं वाक्य तिथेच अडलं. तिच्याही तोंडात पोहे होते आणि पाठीवर बाईंचा हात.

“यू? यू वॉन्ट ही गो?”

तिला नाही म्हणायचं होतं. नाही म्हणायची तिची तयारीही चांगली होती, पण शब्द निघत नव्हते, आणि मान हो म्हणाली.

फुगलेल्या गालांनी दोघं एकमेकांकडे बघत राहिले. दीनानाथांना आधी हसू फुटलं आणि पोहे गवतावर उडाले.

“अगं, मग सांगायचंस ना! मी एप्रिलपासून मन मारून राहतोय!”

ते एकदम दहा वर्षांनी लहान दिसायला लागले. घर झाडून घ्यायला कुणाला सांगायचं, भजनाच्या मंडळींना आधी कळवायचं की थेट दारात जाऊन उभं राहायचं, त्यांची यादी तिथेच सुरू झाली. तिने इतकं जिवापाड केलं होतं आणि त्यांना जायचा एवढा आनंद व्हावा! मान तर तिनेही हलवली होती. तरी तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

घास मोठा झाला असं वाटून चंथाबाई तिच्या पाठीवर थापट्या मारायला लागल्या. “ठसका लागला वाटतं, पाणी आणतो,” म्हणत दीनानाथ लगबगीने घराकडे धावले. विनयाने घास केव्हाच गिळला होता. पण थापट्या चालू होत्या तोवर ती खोकत राहिली आणि तिने पोटभर रडून घेतलं.