बयचं माहेर

आमच्या सम्यकची इंजिनिअरिंगची सीट एका कागदावर अडली होती. जात पडताळणीसाठी पन्नास सालाआधीचा पुरावा उद्या पाचपर्यंत द्यायचा, नाहीतर दोन वर्षं रात्रीचा दिवस करून मिळवलेली सीट गेली.

पुरावा माझ्या सासऱ्यांचा, म्हणजे नानांचा हवा. वय ब्याऐंशी, गाव साताऱ्याकडचं करंजवडी. त्यांनी शाळेचं तोंड पाहिलं नाही, त्यामुळे दाखला नाही. वतनाच्या जमिनीच्या जुन्या कागदांवर त्यांच्या वडिलांचं नाव आहे, राघू भिवा. पण गावात राघू भिवा निघाले दोन! आमचा कुठला, हे सांगायला नानांच्या जन्माची नोंद पाहिजे.

माझे मिस्टर नंदू रजा टाकून गेले, तालुक्याच्या रेकॉर्ड रूममध्ये चार दिवस बसले आणि काल हात हलवत मुंबईला, कांजूरच्या घरी परत आले. फोनमध्ये काढलेल्या नोंदींच्या फोटोंत मात्र करंजवडीचा सगळा इतिहास. कुणाला किती पोरं झाली, पटकीनं एका आठवड्यात किती गेली, कुणाची जमीन कुणाकडे गेली. जन्माच्या नोंदींत अख्खं गाव होतं. नाना नव्हते.

आज सकाळी चहा गाळताना माझ्या मनात काहीतरी आलं.

"नाना, तुमच्या आधी कुणी भावंड होतं का हो?"

"न्हाई. मीच पयला."

मी नंदूंकडे वळून कपाळावर हात मारला. "अहो, पहिलं बाळंतपण माहेरी होतं ना! तुम्ही चार दिवस करंजवडीची पुस्तकं चाळलीत. नोंद आजोळच्या गावात असणार."

नंदू बघतच राहिले. पाच पिढ्यांचे बापे यांना तोंडपाठ, आणि एवढी साधी गोष्ट कुणाला सुचली नाही. मलाही नाही, खोटं कशाला बोलू.

सम्यक उड्या मारत बूट घालायला लागला. "आजोबा, गाव सांगा फक्त. आत्ताच निघतो मी!"

नानांनी चहाचा कप खाली ठेवला.

"नाना, बयचं माहेर कुठलं?" त्यांच्या आईला ते बय म्हणायचे. माझ्या लग्नाआधीच ती गेली होती.

"नदीपल्याड," नाना म्हणाले. "चिंचा होत्या लई."

नंदूंनी नकाशा उघडून नदीपलीकडची गावं एकेक करून वाचली. नाना प्रत्येक नावाला आधी हो म्हणायचे, मग मान हलवायचे. करंजवडीला फोन लावले. तिथे कुणाला माहीत नव्हतं. म्हाताऱ्यांनासुद्धा ती फक्त राघूची बायको म्हणून ठाऊक.

मला नानांचा भयंकर राग आला. जन्म दिला त्या बाईचं गाव ठाऊक नसावं? ओठांवर आलं होतं, पण मी गिळलं.

"तिनं कधी सांगितलं नाही का हो?"

"सांगायची की." नानांना माझ्याकडे बघवेना. "शेवटची दोन वर्सं हितंच होती, ह्याच खोलीत. रोज नाव घ्यायची गावाचं. एकदा घिऊन चल म्हणायची. मी डबा उचलून कामाला निघायचो, व्हय व्हय करत. ऐकलंच न्हाई गं मी, जया."

सम्यक बूट घालून दारात उभा होता. कुठे जायचं, ते कुणीच सांगू शकत नव्हतं.