खुर्ची गार पडू देऊ नका

मी एक जुनी खुर्ची आहे. जेवणाच्या टेबलाजवळची नव्हे आणि शाळेतलीही नव्हे. केस कापायच्या दुकानातली. मिनेसोटाच्या उत्तरेला, साखरेसाठी लावलेल्या बीटच्या सपाट शेतांमध्ये नॉरबी नावाचे गाव आहे. तिथे मुख्य रस्त्यावर, टपाल कचेरीला लागून आमचे दुकान. मित्रांनो, मला ऐकायची सवय आहे, सांगायची नाही. त्यामुळे कुठे मागेपुढे झाले तर सांभाळून घ्या.

माझा जन्म शिकागोच्या एका कारखान्यात झाला. पायाला पांढरा मुलामा, दांड्यांना चकाकी आणि बसायला लाल चामडे. माझ्या पोटात तेल आहे. बाजूची दांडी दाबली की मी वर जाते, सोडली की हळूच खाली येते. पहिली काही वर्षे मी एका हॉटेलात होते. ते बंद पडले तेव्हा ऑर्विल नावाच्या पंचवीस वर्षांच्या तरुणाने मला बीटच्या ट्रकमध्ये घालून नॉरबीला आणले आणि चार बोल्ट मारून आरशासमोर पक्के बसवले. माझे तोंड आरशाकडे, पाठ दरवाजाकडे. त्या जागेवरून मी अर्धे शतक हलले नाही.

माणूस बसला की मला त्याचे वजन कळते आणि वजनावरून बरेच काही कळते. बीटचा हंगाम संपल्यावर शेतकरी हलके झालेले असत. लग्नाच्या आदल्या दिवशी आलेले नवरदेव अगदी काठावर बसत. आणि लहान मुले तर माझ्यात बसतच नसत. त्यांच्यासाठी एक ओकची फळी होती. ऑर्विल ती माझ्या दोन हातांवर आडवी टाकत आणि मुलाला उचलून वर बसवत. फळीशिवाय ज्या दिवशी मुलाचे डोके नीट हाताला येई, त्या दिवशी ऑर्विल फळी उलटी करत आणि खालच्या बाजूला पेन्सिलीने त्याचे नाव व तारीख लिहीत. गावात म्हणायचे, अमक्याची फळी सुटली. त्या फळीवर आज जे पोस्टमास्तर आहेत त्यांचे नाव आहे, आणि ज्यांना आपण म्हातारे म्हणतो अशा कितीतरी लोकांच्या मुलांची नावे आहेत. ऑर्विल यांचा मुलगा कर्ट याचेही नाव तिथेच आहे.

पुढे कर्टनेच दुकान हातात घेतले. त्याचा हात वडिलांपेक्षा हलका होता. मी हे ऑर्विल यांच्यासमोर कधी म्हटले नसते, पण ते त्यांनाही ठाऊक होते.

कर्ट एकोणिसाव्या वर्षीच सैन्याच्या राखीव दलात गेला होता. महिन्यातून एक शनिवार-रविवार कवायत आणि उन्हाळ्यात दोन आठवडे छावणी, एवढेच ते काम. नदीला पूर आला की वाळूची पोती भरायची, हिमवादळात अडकलेल्या गाड्या काढायच्या. शनिवार हा दुकानाचा खरा गर्दीचा दिवस, म्हणून गिऱ्हाईक कुरकुर करत.

"तुझं सैन्य मंगळवारी का नाही रे लढत?" हारलन त्याला विचारत. हारलन म्हणजे दूधवाले शेतकरी, ऑर्विल यांचे शाळेपासूनचे दोस्त.

"मंगळवारी लढायला गेलो, तर तुमच्या गायींच्या गोष्टी कोण ऐकणार, हारलनकाका?" कर्ट म्हणे.

असे एकोणीस वर्षे चालले होते. मग एका सप्टेंबरात बोलावणे आले. आधी सहा महिने तयारी, नंतर एक वर्ष इराकमध्ये, ट्रकच्या ताफ्यांवर पहारा. कर्ट तेव्हा अडतीस वर्षांचा होता.

जायच्या आदल्या दिवशी त्याने शेवटचे केस कापले ते आपल्या मुलीचे, ब्रिटाचे. ती सहा वर्षांची होती. फळीवर पाय हलवत बसली होती.

"पप्पा, परत कधी कापणार?"

"नदीवरचा बर्फ फुटला की."

"म्हणजे आता येईल तो?"

"तो नाही. त्याच्या पुढचा."

ब्रिटाने बोटांवर काहीतरी मोजले. "तोपर्यंत मी कुणाला हात लावू देणार नाही," ती म्हणाली.

कर्टने कात्री पुसून खणात ठेवली आणि वडिलांकडे वळला. ऑर्विल तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे होते, काम सोडून त्यांना आठ वर्षे झाली होती.

"बाबा, एकदा दुकान बंद झालं की लोक शहरातल्या दुकानाची वाट धरतील, मग परत येत नाहीत. जमेल तेवढं करा. खुर्ची गार पडू देऊ नका."

"नाही पडू देत," ऑर्विल म्हणाले.

मित्रांनो, आता मला एक अवघड गोष्ट सांगायची आहे. ऑर्विल यांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू होता. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीखही दिली होती. पण त्यानंतर काही आठवडे दुकान बंद ठेवावे लागले असते. त्यांनी तारीख पुढे ढकलली, कर्ट आल्यावर करू म्हणाले, आणि कुणाला काही न सांगता कात्री उचलली.

पहिले गिऱ्हाईक हारलन. कापून झाल्यावर मी आरशात पाहिले. उजवी बाजू झकास होती. डाव्या कानावर मात्र बोटभर केस जास्त राहिले होते, छपराच्या वळचणीसारखे. हारलन आरशात बराच वेळ पाहत राहिले.

"कसं आहे?" ऑर्विल यांनी विचारले.

"मी इतका देखणा आहे हे कुणी मला आधी सांगितलं नव्हतं," हारलन म्हणाले आणि टोपी घालून निघून गेले.

त्यानंतर गावातल्या प्रत्येक पुरुषाची डावी बाजू जास्त राहू लागली. पाद्री, शाळेचे मुख्याध्यापक, टपालवाले, सगळे तसेच. बाहेरगावचे लोक विचारत, ही तुमच्याकडची नवी तऱ्हा का? सुरुवातीला काही बायकांनी घरी जाऊन डावी बाजू सारखी केली. तेव्हा हारलन यांनी चर्चच्या कॉफीच्या वेळी सर्वांना बजावले. ते मला त्यांच्याच तोंडून कळले.

"घरी कुणी कात्री लावायची नाही. पुढच्या खेपेला ऑर्विलला हाताला लागेल. त्याला कळलं, तर दुसऱ्या दिवशी दार उघडणार नाही. कर्ट येईपर्यंत आरशात बघू नका, म्हणजे झालं."

आणि खरोखरच लोकांनी आरशात पाहणे सोडले. माझ्यात बसले की डोळे मिटून घेत आणि पिकाच्या, हवेच्या गप्पा मारत. ऑर्विल यांना वाटे, लोकांना आपल्या हातचे इतके आवडते की झोपच लागते.

ब्रिटा शाळा सुटल्यावर रोज येई. पण माझ्याजवळ येत नसे. भिंतीकडच्या बाकावर बसून चित्रे काढी. तिचे केस खांद्यावर आले, मग पाठीवर. तिची आई मार्लिस शाळेच्या स्वयंपाकघरात काम करत असे, ती तिला न्यायला येई तेव्हा ऑर्विल म्हणत, "निदान कपाळावरचे तरी काढू दे, बाळ. डोळ्यांत जातात."

"पप्पा आले की," ब्रिटा म्हणे आणि पिना लावून घेई.

दुसरा हिवाळा आला. ऑर्विल यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये मार्चवर गोल काढला होता. जानेवारीतल्या एका दुपारी मार्लिस एकटीच आत आली. हारलन माझ्यात बसले होते, अर्धे डोके झाले होते.

"बाबा, त्यांची मुदत वाढवली," ती म्हणाली. "अजून चार महिने. सगळ्या तुकडीची."

कात्री थांबली. मार्लिस बाकावर बसली, कोट न काढता. "ब्रिटाला काय सांगू? ती नदी बघायला जाते रोज."

मग हारलन चादरीखालून म्हणाले, "ऑर्विल, तुझ्या डोळ्याचं काय?"

म्हणजे गावाला सगळे माहीत होते. ऑर्विल यांचा हात माझ्या पाठीवर होता. मला तो जाणवला.

"कोणता डोळा?" ऑर्विल म्हणाले. "मान सरळ ठेव, लेका. तुझी डावी बाजू राहिली आहे."

त्या वसंतात बर्फ फुटला, नदी वाहू लागली आणि कर्ट आला नाही. ब्रिटाने नदीवर जाणे सोडून दिले.

तो जुलैत आला. एकूण बावीस महिने झाले होते. शाळेच्या मोठ्या सभागृहात स्वागत होते. मी अर्थातच नव्हते, पण हारलन यांनी मला, म्हणजे दुकानात बसलेल्यांना, सगळे सांगितले. कर्ट व्यासपीठावर उभा होता, चेहरा दगडासारखा. प्रार्थनेसाठी सगळ्या पुरुषांनी टोप्या काढल्या. त्याने समोर पाहिले. दीडशे डोकी आणि प्रत्येकाची डावी बाजू वाढलेली. तो वडिलांकडे पाहू लागला, मग पुन्हा डोक्यांकडे, आणि हसू लागला. हसता हसता त्याला खाली बसावे लागले. मार्लिस म्हणाली, हा आमचाच आहे, आला परत.

पण तो दुकानात यायला तीन आठवडे लागले. आला तेव्हा वजनाने नव्हे, पण पावलांनी वेगळा वाटला. हारलन माझ्यात बसले. कर्टची कात्री पहिल्यासारखीच चालत होती, पाण्यावरून बदक जावे तशी. मला वाटले, झाले, सगळे जागेवर आले. तेवढ्यात मागे दरवाजाची घंटा वाजली. कर्ट गर्रकन वळला. कात्री हारलन यांच्या कानाला लागली.

फक्त टपालवाले आले होते.

कर्टने रक्त पुसले, माफी मागितली, चादर घडी करून माझ्या हातावर ठेवली आणि बाहेर गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही. त्या आठवड्यात ब्रिटा एकदा वेणी सोडून दुकानात येऊन बसली होती, ती तशीच परत गेली. शनिवारी बातमी आली, की कर्टने साखर कारखान्यात नोकरी विचारली आहे.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूला मनात काही आणायचा हक्क आहे की नाही, मला ठाऊक नाही. पण मला वाटले, बावीस महिने गार पडले नाही, ते कशासाठी?

त्या दुपारी गिऱ्हाईक नव्हते. ऑर्विल माझ्यात येऊन बसले. पन्नास वर्षांत ते कधी माझ्यात असे बसले नव्हते. ते आरशात बघत राहिले. एका डोळ्याने का होईना, त्यांना दिसले, की या जागेवर उभ्या राहणाऱ्याची पाठ नेहमी दरवाजाकडे असते.

सोमवारी सकाळी ते पाना घेऊन आले. सोबत कानाला पट्टी लावलेले हारलन. तीन बोल्ट निघाले, चौथा तुटला. दोघे म्हातारे मला ढकलताना इतके धापा टाकत होते, की मला भीती वाटली.

"तुझी ही म्हैस माझ्या गाईपेक्षा जड आहे," हारलन म्हणाले.

"कमी बोल आणि ढकल."

त्यांनी मला खिडकीच्या बाजूला तीन पावले आणले आणि वळवून नव्याने पक्के केले. आता माझी पाठ आरशाकडे आणि तोंड दरवाजाकडे होते. मी पहिल्यांदाच रस्ता पाहिला. जमिनीवर जुन्या जागी एक फिकट गोल आणि चार भोके राहिली.

दुपारी मार्लिस कर्टला घेऊन आली. ब्रिटाही होती. कर्ट दारातच थांबला.

"हे काय केलंत, बाबा?"

"इथे उजेड बरा येतो. माझ्या डोळ्याला."

"तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे."

"म्हणून उजेड वाईट झाला का?"

"आणि गिऱ्हाइकांना आरसा दिसणार कसा?"

"आम्हाला आरशाची सवय राहिली नाही," हारलन म्हणाले.

कर्ट माझ्यामागे येऊन उभा राहिला. समोर दरवाजा, दोन खिडक्या, रस्ता. हारलन बाहेर गेले आणि आत आले. घंटा वाजली. पुन्हा बाहेर गेले, पुन्हा आत आले.

"काय चाललंय, काका?"

"घंटी बघतोय. नीट वाजते ना."

कर्टचे दोन्ही हात माझ्या पाठीवर होते. पहिल्या घंटेला ते घट्ट झाले. शेवटच्या घंटेला सैल होते.

त्याने खिळ्यावरची फळी काढली, माझ्या हातांवर आडवी टाकली आणि ब्रिटाकडे वळला. ब्रिटा हलली नाही.

"पप्पा, मला फळी नाही लागत आता."

तो फळी धरून तसाच उभा राहिला. मग त्याने ती बाजूला ठेवली. ब्रिटा माझ्यात बसली, पूर्ण मागे टेकून. मला तिचे वजन पहिल्यांदाच कळले. कर्टने पायाने दांडी दाबली आणि मी वर गेले, फारशी नव्हे, थोडीशीच.

"किती कापू?"

"तू गेलास तेव्हा होते तेवढे ठेव."

कात्री चालू लागली. मध्ये पाद्री येऊन गेले, घंटा वाजली, कर्टने मान वर करून पाहिले आणि काम चालू ठेवले. केस पडत राहिले. झाडताना ऑर्विल यांनी ते जुन्या फिकट गोलावर गोळा केले. बावीस महिन्यांचे केस, पण ढीग लहानसाच होता.

मग कर्टने फळी उलटी केली. स्वतःचे नाव शोधले. त्याखाली ब्रिटाचे लिहिले आणि तारखेजवळ थांबला.

"फळी नक्की कधी सुटली, ते मला माहीत नाही," तो म्हणाला.

"आज," ऑर्विल म्हणाले. "आज बसली, तर आज."

त्याने आजची तारीख लिहिली.

मित्रांनो, आता ऑर्विल यांना दोन्ही डोळ्यांनी दिसते. ऑपरेशननंतर ते पहिल्यांदा चर्चमध्ये गेले तेव्हा सगळ्यांची डोकी पाहून दारातूनच घरी परतले, असे म्हणतात. माझे चामडे दोन ठिकाणी फाटले आहे आणि पोटातले तेल थोडे गळते. तुम्ही कधी आलात तर माझ्यावर उड्या मारू नका, हे मागणे आहेच. पण त्याहून एक मोठे आहे. तुमच्या घरातले कुणी लांब गेले असेल, तर त्याची जागा उबदार ठेवा. आणि तो आल्यावर जुन्या जागी उभा राहू शकला नाही, तर त्याला बोल लावू नका. पाना आणा, आणि खुर्ची तीन पावले सरकवा.