तुटीच्या तीन फरश्या

चाळीस वर्षं मी लोकांच्या घरात फरश्या बसवल्या. गुडघ्यांना पडलेले घट्टे अजून तसेच आहेत. पण हे लिहितोय ते गुडघ्यांबद्दल नाही. नातीच्या वर्गात मी तोंडाला कुलूप लावून बसलो, त्याबद्दल आहे.

नातीला आम्ही मुंगी म्हणतो. एवढीशी आहे आणि सतत काहीतरी ओढत असते. तिसरीत आहे. गणितात जरा मागे, म्हणून शाळा सुटल्यावर तिला एक तास थांबावं लागायचं. मुलं त्याला कच्चा तास म्हणत. मैत्रिणी त्या वेळी आवारात दोरीच्या उड्या मारत आणि ही खिडकीशी बसून तो आवाज ऐकत पाढे लिहायची. शेवटी बाई तिला म्हणाल्या, "गणिताच्या खेळाच्या दिवशी एकही उत्तर न चुकता खेळलीस, तर तुझा कच्चा तास बंद."

त्यानंतर महिनाभर आमच्या जिन्यावर दुसरं काही ऐकू आलं नाही. वर चढताना सातचा पाढा, उतरताना आठचा. शेजारीण म्हणाली, "मिस्त्री, आता मला झोपेतून उठवलंत तरी मी सात सक बेचाळीस म्हणेन."

खेळाच्या दिवशी घरातल्या एका मोठ्या माणसाने मुलाचा जोडीदार म्हणून बसायचं होतं. सून शिवणकारखान्यात, मुलगा परगावी कामाला. म्हणून मी गेलो. इस्त्रीचा सदरा घातला, कारण त्या बाई माझ्याही बाई. अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांच्याच संध्याकाळच्या वर्गात मी अक्षरं गिरवली. मी दारात दिसताच त्या मुलांना म्हणाल्या, "हे बघा, माझे सगळ्यात मोठे विद्यार्थी!" सदऱ्याच्या गुंड्या तुटायच्याच बाकी होत्या.

खेळ सोपा होता. दोन जोड्यांत मिळून चौकटींचा एक मोठा कागद आणि दोन फासे. फासे टाकायचे. चार आणि तीन पडले, तर चार चौकटी लांब, तीन रुंद असा तुकडा आखायचा आणि एकेक चौकट न मोजता आत लिहायचं, बारा. उत्तर चुकलं तर तुकडा समोरच्यांचा. अर्धा कागद आधी भरेल ती जोडी जिंकली.

आमच्यासमोर एक निवृत्त कारकून आणि त्यांचा नातू बसले. कारकुनांच्या खिशाला दोन पेनं.

"मिस्त्री, कागद आहे हा," ते म्हणाले. "थापी आणली नाहीत ना?"

"थापी कशाला? रेघा माझ्या सरळ येतात. तुमची पट्टी मात्र सांभाळा, घसरतेय."

त्यांचा नातू खो खो हसला. मुंगी हसली नाही. तिचं सगळं लक्ष फाशांवर. तीन आणि दोन, सहा. चार आणि पाच, वीस. पुटपुटायची, लिहायची आणि मग माझ्याकडे बघायची. मी नुसत्या रेघा आखत होतो आणि मान हलवत होतो. एकदा कारकुनांनी नुसतं पाठांतर दाखवायला नातवाला सात चोक सव्वीस म्हणून दाखवलं. फाशावर सात कुठून येणार! पण बाईंनी लांबून "अठ्ठावीस, अठ्ठावीस" केलं. मला गुदगुल्या झाल्या. तिथेच माझा तोल गेला असावा. आपणही काहीतरी दाखवावं, असं वाटायला लागलं.

शेवटी आम्हाला एक मोठा तुकडा हवा होता. मुंगीने फासे टाकले. सहा आणि पाच.

सहा बाय पाच. अशा न्हाणीघरांत माझं आयुष्य गेलंय. आकडा डोळ्यांपुढे यायच्या आत तोंडातून बाहेर पडला. "तेहतीस."

मुंगी माझ्या कानाशी आली. "आजोबा, सहा पंचे तीस ना?"

"अगं, चाळीस वर्षं हेच केलंय मी," मी कारकुनांना ऐकू जाईल असं म्हणालो. "तेहतीस लिही."

तिने पेन्सिल उचलली, पुन्हा माझ्याकडे पाहिलं आणि लिहिलं.

बाई फिरत फिरत आल्या. त्यांनी पेन्सिलीचं टोक त्या तुकड्यावरून एकदा आडवं, एकदा उभं फिरवलं. ते टोक फिरत असतानाच माझी चूक मला कळली. फरशी कापताना फुटते. म्हणून तिसाला तीन जास्त मागवायच्या, हा माझ्या हाताचा नियम. तुटीच्या तीन फरश्या मी कागदावर बसवल्या होत्या.

"तेहतीस?" बाई म्हणाल्या. "हे कुणी सांगितलं?"

सांगायला एक शब्द पुरे होता, मी. पण समोर कारकून, वर बाई, आणि मी त्यांचा सगळ्यात मोठा विद्यार्थी. मी टेबलावरचा खोडरबर उचलून नीट कोपऱ्यात ठेवला.

"मी, बाई," मुंगी म्हणाली.

मागच्या बाकावरून कुणीतरी "कच्ची!" म्हटलं आणि वर्ग हसला. बाईंनी हसणाऱ्यांना गप्प केलं, पण वहीत खूण केलीच. "येत होतं गं तुला. घाई केलीस. अजून महिनाभर थांबू या."

घरी येताना ती माझ्या दोन पावलं पुढे चालत होती. एरवी माझी पिशवी ओढते, त्या दिवशी नाही.

संध्याकाळी सुनेला कळलं. दिवसभर मशीनवर वाकून आलेली ती, तिचा आवाज चढला. "महिनाभर घसा कोरडा केलास तो यासाठी? आजोबा एवढे नटून गेले होते, त्यांना सगळ्यांसमोर मान खाली घालायला लावलीस!"

मी जेवत होतो. घास तोंडातल्या तोंडात फिरत राहिला. मुंगीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

नंतर मी जिन्यात गेलो. ती पायरीवर बसली होती.

"आजोबा, तेहतीस कसे?"

मी तुटीचं सांगितलं. कोपरा कापताना फरशी कशी तडकते, तसा रंग पुन्हा मिळत नाही, म्हणून आधीच जास्त घ्याव्या लागतात. तिने नीट ऐकून घेतलं.

"पण कागद फुटत नाही ना," ती म्हणाली.

"नाही."

"मग बाईंना का नाही सांगितलंत?"

"लाज वाटली गं."

"मला पण वाटली," ती म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी शाळा भरताना मी बाईंना दारातच गाठलं आणि सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "हसला वर्ग होता, मिस्त्री. मला एकटीला सांगून कसं चालेल?"

मग मी फळ्यापुढे उभा राहिलो. सदरा कालचाच, चुरगळलेला. म्हणालो, "काल तेहतीस मी सांगितलं. मुंगी तीस म्हणत होती. बाईंनी विचारलं तेव्हा मी गप्प बसलो." मुलं हसली. मागच्या बाकावरून "आजोबा कच्चे!" आलं. काल हे हसू तिने एवढ्याशा अंगावर झेललं होतं. मुंगी खाली बघत होती आणि तिचे कान लाल झाले होते.

बाईंनी तिला पुन्हा फासे दिले. दहा वेळा टाकायला लावले. दहाही बरोबर.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी फाटकाशी थांबलो. ती दोरीच्या उड्या मारत होती आणि मोठ्याने मोजत होती. तिसावर दोरी पायात अडकली. धापा टाकत माझ्याकडे आली आणि पिशवी हातातून ओढून घेतली. घरापर्यंत ती तिनेच आणली. जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबली.

"आजोबा, आईला कोण सांगणार?"

सून नुकतीच कामावरून आली होती, वर दाराशी चपला काढत होती. मी चढायला लागलो. पायऱ्या अठरा. प्रत्येक पायरीला वाटत होतं, जेवण झाल्यावर सांगू, उद्या सांगू. मुंगी मागून पिशवी ओढत येत होती.

"सूनबाई," मी म्हणालो, "चपला राहू देत. आधी जरा ऐक."